डिलिव्हरीचा पत्ता

“खेळायला हवाय की कामाला?” काउंटरमागच्या श्यामने विचारलं.

“कामाला,” युसूफ म्हणाला.

“मग गेमिंग लॅपटॉप कशाला म्हणताय?”

“ग्राफिक्स कार्ड हवंय म्हणून,” अलफियाने मधेच सांगितलं. “अब्बा लग्नपत्रिका करतात. आता सगळ्यांना व्हिडिओ पत्रिका लागते, थ्रीडीवाली. आमच्या जुन्या मशीनवर एका मिनिटाचा व्हिडिओ बाहेर पडायला सहा तास लागतात.”

“पत्रिका,” श्याम म्हणाला. “बरा धंदा आहे. लग्न मोडलं तरी तुमचं बिल झालेलं असतं.”

युसूफ हसला नाही. एरवी तो हसला असता. तपकीर गल्लीतल्या त्या अरुंद दुकानात शनिवारची गर्दी होती, आणि लेकीने खास आजच्यासाठी वेळ काढला होता. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागून तिला दीड वर्ष झालं होतं. आठवडाभर तिने फोनवर यादी केली होती. एका बाजूला लॅपटॉप, एका बाजूला डेस्कटॉप, आणि वर बजेट : पंचाहत्तर हजार.

युसूफ इनामदार शनिवार पेठेत सव्वीस वर्षं डीटीपीचं काम करत होता. जिन्याखालची जागा, आत दोन खुर्च्या, तिसरं माणूस आलं की दाराबाहेर उभं राहायचं. लोक ‘आशिर्वाद’ लिहून आणत, त्याच्या हातून तो ‘आशीर्वाद’ होऊन बाहेर पडे. याबद्दल तो कोणाला काही बोलत नसे. नाव विचारून दोनदा त्याच्याकडे बघणारी माणसंही पुढे धाकटीच्या लग्नाला न विचारता त्याच्याकडेच येत. छापील पत्रिका कमी होत गेल्या तेव्हा तो घाबरला होता. पण आमोद नावाच्या एका लग्नं आयोजित करणाऱ्या तरुणाने सांगितलं, “काका, शुद्धलेखन तुमचं, अक्षर तुमचं. फक्त ते हललं पाहिजे. महिन्याला आठ-दहा कामं देतो, मशीन बघा.” म्हणून ही खरेदी.

“माझं ऐकाल तर डेस्कटॉप,” अलफिया म्हणाली. “त्याच पैशात दीडपट ताकद. स्क्रीन सत्तावीस इंची. काही बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा. लॅपटॉपमध्ये एक गेलं की सगळंच गेलं.”

“लॅपटॉपच बघू,” युसूफ म्हणाला.

“का पण?”

“सोयीचा पडतो.”

“कशाला सोयीचा? दुकानात टेबल आहे, खुर्ची आहे, यूपीएस आहे. रोज दुकानात बसता, रोज घरी येता. लॅपटॉप नेणार कुठे?”

श्यामने एक काळा लॅपटॉप काउंटरवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी त्याचा चार्जर. चार्जर विटेएवढा होता. युसूफने आधी लॅपटॉप उचलून पाहिला, मग चार्जर.

“बॅटरीवर किती वेळ चालेल?” त्याने विचारलं.

“पिक्चर बघत असाल तर चार तास. तुमचं काम करत असाल तर तास, फार तर सव्वा तास. आणि वायर काढली की वेगही निम्मा होतो.”

“म्हणजे प्लग लागणारच.”

“लागणारच. ह्याला नावापुरतं लॅपटॉप म्हणायचं आणि भिंतीजवळ बसायचं,” श्याम म्हणाला. “शिवाय पंखा असा ओरडतो की शेजारचा माणूस उठून जाईल. मला दोन्ही विकायचेत, माझं काही जात नाही. पण तुमच्या मुलीला कळतंय.”

युसूफने लॅपटॉप खाली ठेवला. त्याच्याजवळ सांगण्यासारखं एकही कारण उरलं नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला. “डेस्कटॉप करा.”

अलफियाचा चेहरा खुलला. तिने यादी पुढे केली, श्यामने दोन ठिकाणी काट मारून स्वस्तातलं पण चांगलं सुचवलं, कॅबिनेटवरचे रंगीत दिवे नकोत म्हटल्यावर आणखी सहाशे कमी झाले. पाव तासात सगळं ठरलं. युसूफने कार्ड दिलं. श्यामने बिलबुक ओढलं.

“सोमवारी माणूस येऊन जोडून देईल. डिलिव्हरीचा पत्ता?”

“लिहा,” अलफिया सांगू लागली. “इनामदार डीटीपी, जिन्याखाली, शनिवार पेठ—”

“थांबा,” युसूफ म्हणाला. “तिथे नको.”

श्यामचं पेन थांबलं. “मग कुठे?”

युसूफ काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. आत रॅमच्या पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. “तो पत्ता,” तो म्हणाला, “एकतीस तारखेपर्यंतच आहे.”

मागच्या गिऱ्हाइकाने खाकरून पुढे सरकायचा इशारा केला. “बिल होतंय तोवर बाहेर चहा घेऊन या,” श्याम कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाला. “पत्ता नंतर टाकू.”

गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी होती. अलफियाने दोन चहा घेतले आणि एका बंद शटरच्या पायरीवर ती बापाशेजारी बसली. युसूफनेच सुरुवात केली.

इमारत विकली गेली होती. मालक दिगंबर लिमये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सव्वीस वर्षांत त्यांनी भाडं दोनदाच वाढवलं होतं, कागद कधी केलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी ते दारात उभे राहून म्हणाले, “इनामदार, बसायला दुसरीकडे बघा. मीही बघतोय.” त्यावर भांडण्यासारखं काही नव्हतं. पेठेत दुसरी जागा बघितली तर भाडंच कमाईएवढं.

“मग लॅपटॉप घेऊन कुठे बसणार होतात?”

“बघून ठेवलं होतं ना. स्वारगेटला स्टँडवर चार्जिंगचा पॉइंट आहे, पण तो कायम कोणीतरी अडवलेला. एका हॉटेलात बसून पाहिलं, तर मालक दर वीस मिनिटांनी विचारतो, अजून काय आणू. एका वाचनालयात गेलो. तिथे पाटी लावलीये, लॅपटॉप चालेल, आवाज आणि वायर चालणार नाही.”

“आणि हे सगळं कशासाठी? घर आहे ना आपलं!”

“घरी अम्मी आहे,” युसूफ म्हणाला.

अलफियाला दादीजानची ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. युसूफ अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या अब्बांचा कारखाना बंद पडला. त्यानंतर नऊ वर्षं ते घरीच बसून होते. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून दाराजवळ बसायचे, ते संध्याकाळपर्यंत. दादीजानने, म्हणजे मदिनाबींनी, गाद्यांच्या खोळी शिवून घर चालवलं. त्या कधी नवऱ्याला लागेल असं बोलल्या नाहीत. पण दुपारच्या वेळी पुरुषमाणूस घरात दिसलं की अजूनही त्या दुसऱ्या खोलीत निघून जात. युसूफला ताप आला असला तरीही.

“म्हणून मला वाटलं,” युसूफ म्हणाला, “लॅपटॉप असला की साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडता येईल. रोजच्यासारखं. कोणाला काही कळायचं कारण नाही. पण हा श्याम म्हणतो, भिंतीजवळच बसायचं.”

अलफियाने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. युसूफला वाटलं, ती रडतेय. ती रडतही होती, पण हसतही होती.

“अब्बा, मागच्या मंगळवारी माझी शिफ्ट उशिराची होती. स्वारगेटवरून जाताना मी तुम्हाला बघितलं. अकरा वाजता. स्टँडवर बाकावर बसला होतात, हातात पिशवी. मी हाक मारणार होते, पण तुम्ही असे काही बसला होतात की... संध्याकाळी तुम्ही म्हणालात, आज दुकानात फार गर्दी होती.”

युसूफने कपातला उरलेला चहा रस्त्याकडेला ओतला.

“मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालंय. मोठं. डॉक्टरकडे जाताय आणि लपवताय. दोन महिन्यांत किती उतरलात बघा. मी चार दिवस जेवले नाही नीट. परवा तुमच्या शर्टाचे खिसे पण तपासले, रिपोर्ट सापडतो का म्हणून.”

“काय सापडलं?”

“फेविकॉलची पावती.”

आता युसूफही हसला. हसता हसता त्याला खोकला लागला, आणि लेकीने पाठीवर थाप मारली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांनी त्याची छाती अशी मोकळी झाली होती. समोरून एक माणूस डोक्यावर टीव्हीचं खोकं घेऊन वाट काढत गेला. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

“फक्त जागा गेलीये,” अलफिया म्हणाली. “तुम्हाला काही झालेलं नाही.”

“नाही गं. साखर जरा वाढलीये.”

“ती मलाही माहितीये.”

ते परत दुकानात गेले. श्यामने न बोलता पेन उचललं. युसूफने स्वतः पत्ता सांगितला : घोरपडे पेठ, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. सांगताना त्याचा आवाज थोडा मोठाच लागला.

“लिफ्ट आहे?” श्यामने विचारलं.

“नाही.”

“मग माझा माणूस शिव्या देईल. त्याला पाणी द्या,” असं म्हणून त्याने पावती फाडून दिली.

घरी सांगायचं मात्र युसूफलाच होतं. त्याची बायको रुकसाना भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन महिने?”

“हो.”

“दोन महिने तुम्ही एकटेच हे डोक्यात घेऊन फिरत होता?” मग तिने भाजीची परात बाजूला सारली, उठून पुढच्या खोलीत गेली आणि खिडकीजवळच्या दिवाणाकडे बघत उभी राहिली. “हा दिवाण आत घेऊ. टेबल इथे बसेल. उजेडही आहे. आता दुपारी तुम्हाला गरम पोळी लागणार, एवढंच काय ते माझं वाढलं.”

मदिनाबी कोपऱ्यात खाटेवर बसून ऐकत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, पण कान शाबूत. घरात त्या जुन्या पुण्याची हिंदी बोलत आणि उत्तर मराठीत आलं तरी त्यांना चाले. युसूफ त्यांच्यासमोर खाली बसला. “अम्मी, दुकान बंद होतंय. काम बंद नाही होत. घरी बसून करणार.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “घर में?”

“हो.”

 त्या उठल्या, हातपाय धुऊन वजू केली आणि नमाजाला आत गेल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिल्या. युसूफ दाराबाहेर घुटमळत राहिला. पण त्या रात्री खूप दिवसांनी त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

सोमवारी श्यामचा माणूस आला, जिन्याबद्दल बोलला, पाणी प्याला, सगळं जोडून गेला. मंगळवारी युसूफ सवयीने साडेनऊला तयार झाला. इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि चपला घालून जिना उतरून खाली गेला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. वर येऊन त्याने चपला काढल्या आणि खिडकीपाशी टेबलाशी बसला.

आमोदचं पहिलं काम होतं. नारायणगावकडचं घराणं, लग्न मार्गशीर्षात. युसूफने अक्षरं एकेक करून मांडली, वेलांट्या जुळवल्या, पाकळ्यांमधून नावं वर यावीत असं केलं आणि बटण दाबलं. जुनी सवय म्हणून तो चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. चहाला उकळी येऊन परत खोलीत येतो तो व्हिडिओ तयार होता. तो कप हातात धरून उभाच राहिला.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मदिनाबी प्लॅस्टिकचं स्टूल ओढत आणत होत्या. त्यांनी ते त्याच्या खुर्चीमागे ठेवलं आणि त्यावर बसल्या. सव्वीस वर्षांत त्या एकदाही शनिवार पेठेत गेल्या नव्हत्या. मराठी वाचायला त्यांना येत नव्हतं. पडद्यावर झेंडूची फुलं उमलत होती आणि त्यांतून सोनेरी अक्षरं वर येत होती.

“ये तू लिखता?”

“हो, अम्मी.”

“क्या लिख्या?”

युसूफने व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि वाचून दाखवू लागला. “आमचे येथे श्रीकृपेकरून... आमची ज्येष्ठ कन्या...” तो प्रत्येक ओळीशी थांबत होता, नावं सावकाश सांगत होता. मदिनाबी मान हलवत होत्या.

“लडकी क्या करती?”

“ते लिहिलेलं नाही.”

“पूछ लेना.”

“बरं.”

वधूच्या आईच्या नावात एक रफार किंचित सरकला होता. युसूफच्या तो आत्ता लक्षात आला. कप बाजूला ठेवून तो पुढे झुकला आणि नीट करू लागला. बारीक काम होतं.

“जेवायला चला,” रुकसानाने आतून हाक मारली. “पोळ्या गार होतायत.”

युसूफ उठणार तेवढ्यात मदिनाबींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, आणि तो हात तसाच ठेवून आतल्या दाराकडे तोंड केलं.

“ठैर जा,” त्या म्हणाल्या. “काम पे है वो.”