तिसऱ्या रविवारची हरकत

लग्न गुरुवारी होतं आणि माशी शिंकली रविवारी, तीही भर उपासनेत, खुद्द नवरीच्या मामाच्या रूपानं.

तिसगावच्या त्या लहानशा चर्चात रिवाज असा, की लग्न ठरलं की पाळकसाहेबांनी तीन रविवार नवरा-नवरीची नावं मंडळीसमोर वाचायची आणि विचारायचं, "कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी." हरकत कधी कोणी घेत नसे. तेवढ्यात माणसं घसा साफ करून घेत, बाया पोरांची नाकं पुसत. दोन रविवार असेच सुखात गेले. तिसऱ्या रविवारी भागवत पाळकांनी दिशाचं आणि कल्याणचं नाव वाचलं, चष्मा काढला, आणि पुढच्या बाकावरून सहादेवमामा उठला.

"माजी हाय."

आईबाप गेल्यावर ह्याच मामानं दिशाला वाढवलं होतं. त्याला दुखवून बोहल्यावर चढणं तिला या जन्मी जमलं नसतं. आणि कल्याणशिवाय राहणंही जमलं नसतं, हे तर आता अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

झालं होतं असं. कल्याण अकोल्याकडं शाळेत विज्ञान शिकवायचा. आदल्या दिवशी मामाकडं जेवताना तो रंगात येऊन बोलून गेला, की आभाळात इतके तारे आहेत, एखाद्याभोवती आपल्यासारखी विचार करणारी माणसं असतीलही. मामाचा घास तिथंच अडकला होता.

"तिकडं मानसं असली," मामा मंडळीकडं वळून म्हणाला, "तर ती बी पाप करनारच. मग त्यांच्यासाठी प्रभू मेला का न्हाई? इथला क्रूस त्यांना ठावंच न्हाई, म्हंजी ती फुकट बुडाली. आन दर ताऱ्यावर येगळा क्रूस म्हनाल, तर प्रभूनं काय नुसतं मरतच ऱ्हायचं? जो मानूस माज्या प्रभूचा क्रूस असा पातळ करतो, त्याला मी पोर देनार न्हाई."

"बोला, कल्याण," पाळक म्हणाले. हरकतीचा निकाल लागल्याशिवाय त्यांना लग्न लावता येत नव्हतं.

कल्याण पडला सरळ माणूस, आणि सरळपणा नेमका नको तेव्हा आडवा येतो. "मला माहीत नाही," तो म्हणाला. पलीकडं बायकांच्या बाजूला बसलेल्या लंकाबाईनं, त्याच्या आईनं, कपाळावर हात मारून घेतला.

मग मात्र मंडळीला चेव आला.

"त्यांना बाप्तिस्मा कसा द्यायचा? तितं पानी कुटंय?"

"तिसगावात तरी कुटंय? टँकर मागवायचा!"

"त्यांच्यात जातपात असती का वो?" मागून सुकन्याकाकूनं विचारलं. "असली तर आपुन न्हाई जायाचं."

पाळकांनी टेबलावर थाप मारली, पण ते स्वतःच हसत होते, त्यामुळं थापेत काही दम नव्हता. दिशालाही हसू आवरेना. लग्न मोडायला टेकलंय आणि ही बया खिदळतेय! हसता हसताच तिला ते सुचलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"मामा, प्रभूनं सांगितलेला शंभर मेंढरांचा दाखला तुमीच मला शिकवला ना? एक हरवलं, आन नव्याण्णव रानात ठिऊन मेंढपाळ त्या एकामागं गेला. ती नव्याण्णव तिकडं वर असली तर? त्यांनी पाप केलंच पायजे, असं कुनी सांगितलं? ती चरत असतील निवांत. हरवलेलं एक, ते आपुन."



"म्हंजी," मामा सावकाश म्हणाला, "एवढ्या सगळ्या आभाळात वाया गेलेलं घर आपलंच?"

"व्हय, मामा."

"फकस्त आपलंच?"

"तसंच दिसतंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मामा हसला नाही. तो कल्याणकडं वळला. "मास्तर, किती लांब हाय वो ते?"

कल्याणला एकदाचा उत्तर येणारा प्रश्न मिळाला. "सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा उजेड इथं पोचायला चार वर्षांच्या वर लागतात, मामा. बाकीच्यांचं तर विचारूच नका."

"आन एवढा शाना कळप टाकून तो एवढ्या लांबून आला? ह्या तिसगावापायी?" मामाचे डोळे घळाघळा वाहू लागले, आणि तोंडभर हसू. "अरं, म्या त्याला शेजारच्या आळीतनं आल्यावानी धरलं हुतं की रं!"

दिशाला मामाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मामा भलताच पेटला होता.

"हरकत मागं घेतली, पाळकसायेब. पन पुन्यांदा वाचा, आन मोठ्यानं वाचा. वरची नव्याण्णव बी त्याच मेंढपाळाची. त्यांना इचारायला नगं?"

भागवत पाळकांनी छाती भरून घेतली आणि छताच्या पत्र्याकडं तोंड करून गर्जले, "कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी!"

अख्खी मंडळी माना वर करून बसली, लंकाबाईसुद्धा. क्षणभर दिशाला खरोखर धास्ती वाटली, वरून कोणी उठलं तर?

"जबाब यायला किती येळ लागंल, मास्तर?" मामानं हळूच विचारलं.

"जायला चार वर्षं, यायला चार," कल्याण प्रामाणिकपणे म्हणाला. "आठ तरी धरा."

"मी न्हाई थांबायची आठ वर्सं!" दिशा भर चर्चात ओरडली आणि तिनं सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन कल्याणचा हात धरला.