पहिलं हसू मामाच्या वाट्याला

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर दिव्याखाली बसून मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, तेव्हा त्याचा हात जराही हलत नसे. घरी आल्यावर त्याच हातांना काय व्हायचं कोण जाणे. मुलगी साडेतीन महिन्यांची झाली होती, आणि बापाने उचललं की अंग ताठ करून असा सूर लावायची की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मामाकडे मात्र ती गप्प असायची.

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दारातून आत येताना वाकावं लागेल इतका उंच, तरी घरात त्याला सगळे छोटूच म्हणत. आधीची नोकरी सुटली होती, नवी मिळायची होती, म्हणून तो बहिणीच्या मदतीला येऊन राहिला होता. पोरीला एका हातावर पालथी घालून तो दुसऱ्या हाताने कपडे वाळत घालायचा, आणि ती मांजरासारखी डोळे मिटून पडून राहायची. एकदा तो म्हणाला, "दाजी, तुम्ही तिला काचेचं भांडं धरल्यासारखं धरता." म्हणाला चांगल्या मनानेच, पण ते वाक्य दाजींना आठवडाभर टोचत राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याने सोसलंही असतं. पण सायकलचंही तेच झालं. मुलगी व्हायच्या आधी दर सुट्टीला तो आणि त्याचे दोन जुने मित्र, एक वेल्डर आणि एक ग्रंथपाल, सायकली घेऊन डोंगरावर जायचे. मग बाळ आलं, आणि सायकल गॅलरीत लंगोटांच्या दोरीखाली उभी राहून धूळ खाऊ लागली. छोटूने विचारलं, मी काढू का बाहेर? त्यावर तो मोठ्या दिलाने म्हणाला होता, ने की, विचारतोस काय.

तेव्हापासून छोटू दर रविवारी त्याच्याच मित्रांबरोबर जायचा आणि चिखलाने माखून, खूश होऊन परत यायचा. वेल्डर किती दिलदार आहे, ग्रंथपाल किती कमी बोलतो पण बोलला की हसून पोट कसं दुखतं, हे दाजींना समजावून सांगायचा. वीस वर्षांपासूनचे आपले मित्र कोणीतरी नव्यानेच शोधून काढले आहेत असं त्या वेळी त्याला वाटायचं. सायकलची सीटही आता वीतभर वर गेली होती.

शेवटी बायकोच म्हणाली की या शनिवारी तू जा, आणि माणसात येऊन परत ये, तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. त्याने वेल्डरला कळवलं. वेल्डरचा निरोप लगेच आला: छोटूलाही आण, माझ्या भावाची सायकल पडूनच आहे. तो निरोप त्याने कामाच्या टेबलावर वाचला आणि फोन पालथा ठेवला. संध्याकाळी छोटूने विचारलं, मलाही कुठून सायकल मिळेल का? तो म्हणाला, "विचारलं मी. नाहीये कोणाकडे." एवढं बोलायला काहीच कष्ट पडले नाहीत, याचं त्याला नंतर आश्चर्य वाटलं. छोटू म्हणाला, ठीक आहे, मग मी पोरीला बघतो.

शनिवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी वेल्डरच्या गाडीवर तीन सायकली बांधलेल्या होत्या. छोटू कुठे आहे, असं दोघांनी एकदमच विचारलं. त्याला झोप काढायची होती, असं सांगून तो आपल्या सायकलची सीट खाली करू लागला.

चढ सुरू झाला तसा त्याचा जीव घशाशी आला. मांड्या पेटल्या, श्वास पुरेना. पूर्वी तो सगळ्यांच्या पुढे असायचा, आज प्रत्येक वळणावर ते दोघे त्याच्यासाठी थांबत होते. थांबले की छोटूचा विषय निघायचाच. इथे छोटू बोलत बोलत चढतो, तिथे त्याने एका हाताने पाणी प्यायलं. माथ्याच्या पलीकडे खडकाचा एक उतार होता, ओबडधोबड, घराच्या जिन्याएवढा उभा. त्याला ते पायऱ्या म्हणत. आजवर तिघेही तिथे निमूट उतरून सायकली खांद्यावर घ्यायचे. छोटू तिथून सरळ खाली गेला होता. कमी बोलणाऱ्या ग्रंथपालाने हे दोनदा सांगितलं.

पायऱ्या आल्या तेव्हा दोघे उतरले, हा मात्र उतरला नाही. मागून वेल्डर काहीतरी ओरडला, ते त्याला ऐकू आलं नाही. पुढचं चाक पहिल्या खडकावरून खाली गेलं. त्याने ढुंगण मागे टाकलं, हँडल घट्ट धरलं, दात एकमेकांवर आपटले, मधेच एकदा सायकल आडवी व्हायला लागली, आणि मग एकाएकी सपाट जमीन लागली. तो उभा होता. घरात बाळ आल्यापासून आपल्याला काहीतरी जमलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

वेल्डरने धावत येऊन त्याला मिठी मारली, आणि हे छोटूला सांगितलंच पाहिजे म्हणून तिथूनच फोन लावला. फोन स्पीकरवर होता. "तुझ्या दाजींनी पायऱ्या मारल्या, आणि तू झोपा काढ," वेल्डर म्हणाला. "माझ्या भावाची सायकल तुझ्यासाठी आणली होती रे, रिकामी उभी आहे गाडीवर."

पलीकडे क्षणभर नुसता बाळाचा आवाज आला. तो खाली वाकून उगाच साखळी बघायला लागला.

"हो ना," छोटू म्हणाला. "आज उठवेचना. दाजी, पुढचा ब्रेक नाही ना दाबलात? नाहीतर आधी तुम्ही पोचला असता, मग सायकल."

सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान तापले होते. छोटूने त्याचं खोटं पकडलं होतं आणि तिथल्या तिथे झाकलंही होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मनाचा मोठेपणाही छोटूकडेच गेला होता, आणि परतीच्या साऱ्या उतारावर त्याला पायऱ्यांचं काहीच वाटलं नाही, तो मोठेपणाच टोचत राहिला.

घरी बायको दारातच उभी होती. मुलगी आज हसली म्हणाली. नुसते ओठ हलवून नाही, मोठ्याने, आवाज करून. छोटू टॉवेल झटकत होता, ते बघून हसली, आणि त्याने पुन्हा झटकला तशी पुन्हा हसली. सांगताना तिचे डोळे भरून आले. तो म्हणाला, वा. मग न्हाणीघरात जाऊन त्याने नळ सोडला आणि कपड्यांसकट बराच वेळ तसाच उभा राहिला. ज्याला घरी ठेवण्यासाठी तो खोटं बोलला होता, त्याला त्याने स्वतःच्या हाताने पहिल्या हसण्यासमोर नेऊन बसवलं होतं.

संध्याकाळी छोटू स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या पुसत होता. तो आत गेला आणि दार लोटून घेतलं.

"सायकल होती. मला माहीत होतं."

"कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" छोटू बाटलीतच बघत होता. "मित्र तुमचे, सायकल तुमची. मीच आपला मधे शिरलोय." मग त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला नोकरी लागलीय, दाजी. मालवाहू जहाजावर. सोमवारी निघायचंय. ताईला अजून सांगितलेलं नाही."

त्याने पुसलेली एक बाटली उचलून फळीवर ठेवली.

"मी परत येईन तेव्हा पोरगी चालत असेल," छोटू म्हणाला. "मला बघून भोकाड पसरेल आणि तुमच्या पायाला चिकटेल. आज हसली ना, तेव्हा आधी मला तुमचा रागच आला. म्हटलं, यांना हे रोज मिळणार. आणि मग, तुम्ही घरी नाही याचं बरंही वाटलं."

फडकं उचलून उरलेल्या बाटल्या त्याने पुसल्या. नंतर त्याने वेल्डरला फोन करून सांगितलं की उद्या छोटू येतोय, मी नाही.

रविवारी सकाळी छोटू सायकल घेऊन गेला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, मित्र कोपऱ्यावर थांबले होते, आणि छातीत पुन्हा तेच जळजळलं. एवढं सगळं बोलून झाल्यावर ते जाईल असं त्याला वाटलं होतं, पण ते गेलं नव्हतं. मुलगी उठली. बायकोला झोपू देऊन त्याने तिला घेतलं, टॉवेल झटकला, तोंडं वेडीवाकडी केली. विमा विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं आणि सूर लावला. तो तिला घेऊन खोल्यांमधून फिरत राहिला.

दुपारी दोघे मित्र छोटूबरोबर जेवायलाच आले. जेवताना छोटूने बातमी सांगितली. बायको आधी रडली, मग इतके दिवस लपवलं म्हणून हातातल्या लाळेऱ्याने तिने त्याला बदडलं. वेल्डरचा घास हातातच राहिला. मुलगी मग संध्याकाळपर्यंत मामाच्याच खांद्यावर होती, आणि तिला मागावं असं त्याला दहादा वाटलं. त्याने मागितलं नाही.

सोमवारी छोटू गेला. पुढचे काही दिवस मुलगी दारात पाऊल वाजलं की मान वळवायची आणि बापाला बघून पुन्हा समोर बघायची. त्याने तेही गिळलं.

मग एका सकाळी तो घाईघाईने कामावर निघताना पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून बसला, तोल गेला आणि धपकन पलंगावर आपटला. पाळण्यातून आवाज आला. त्याने मान वर करून पाहिलं. ती हसत होती, हिरड्या दाखवून, पोट हलवून. तो उठला आणि मुद्दाम पुन्हा पडला. ती पुन्हा हसली.

बायको बाहेर गॅलरीत होती. त्याने तिला हाक मारली नाही. त्या दिवशी तो कामावर उशिरा पोचला, आणि संध्याकाळपर्यंत हे त्याने फक्त एकाच माणसाला कळवलं. छोटूचं उत्तर जहाज बंदराला लागल्यावर आलं. त्यात एकच शब्द होता: जळलो.

मेणाने माखलेल्या बोटांनी तो शब्द त्याने दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून वाचला.