बर्फाला सहा टोकं

लीलाने शेवटची टाचणी टोचली आणि पुठ्ठा खिडकीत वाळत ठेवला. पुठ्ठ्यावर पांढऱ्या दोऱ्याची बर्फाची फुलं होती, टॅटिंगची, म्हणजे दोऱ्याला गाठी घालून विणलेली, तांदळाच्या पेजेत बुडवून ताणून बसवलेली. लेक उर्वी जर्मनीत असते. तिने नाताळच्या झाडावर लटकवायला ती मागितली होती. पुतण्या सलिल कामासाठी तिच्याच गावी निघाला होता, म्हणून घाई. तो पोह्यांच्या वेळेलाच टपकला. पोहे केलेत हे त्याला घरबसल्या कसं कळतं, देव जाणे.

खाता खाता त्याची नजर पुठ्ठ्यावर गेली. तो हसला. "काकू, ही आठ टोकांची झालीत. बर्फाला सहाच असतात." मग काकूचा चेहरा बघून त्याने सारवासारव केली, की तिकडे कोण मोजत बसलंय, झक्कास दिसतायत. उद्या सकाळी हातखंब्याच्या फाट्यावर गाडी पकडायची आहे, जाता जाता पुडकं नेतो, असं सांगून तो गेला.

लीला खिडकीशी उभी राहिली. तिने टोकं मोजली. एका फुलाची, मग सगळ्यांची. आठ. सगळीकडे आठ.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं कुणीही म्हणेल. पण लीलाची मोठी बहीण सगुणा हिचंही असंच एवढ्याशा गोष्टीने सुरू झालं होतं. एकदा तिने दुधात कोकमाचं आगळ ओतलं. सगळे हसले, सगुणाताईही हसली. पुढच्या पावसाळ्यात ती घरचा रस्ता चुकली. आणि शेवटी शेवटी लीला तिच्या उशाशी बसली असताना तिने अगदी अदबीने विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडच्या?" त्या 'तुम्ही'चा धसका लीलाने जो घेतला तो घेतलाच.

तेव्हापासून ती स्वतःची परीक्षा घेत असे, कुणाला कळू न देता. आंघोळ करताना शाळेतल्या वर्गातल्या मुलींची नावं बाकांच्या ओळीने आठवायची. बाजारात निघताना चिठ्ठी न्यायचीच नाही. टॅटिंग तर सगळ्यात मोठी परीक्षा. डाव्या हाताच्या बोटांवर दोरा, उजव्या हातात होडीसारखं शटल, आणि डोक्यात मोजणी. गाठी मोजून घालायच्या आणि दोरा ओढून कडं बंद करायचं. एकदा ओढलं की ओढलं. बंद झालेलं कडं सोडवायला सुईने तासभर उकरावं लागतं, आणि तरी दोऱ्याला पीळ राहतोच. शटल हातात फिरतंय तोवर डोकं शाबूत आहे, असा तिचा हिशोब होता. आता त्या हिशोबातच खोट निघाली होती.

नवरा, भास्कर, आंब्याच्या बागेतून आला तेव्हा ती तशीच उभी होती. मोहराच्या दिवसांत हा माणूस घरात पाहुण्यासारखा असतो, फवारणीचा वास घेऊन येतो आणि जेवून परत जातो. त्याने काय झालं विचारलं. लीलाने आधी काही नाही म्हटलं, आणि मग भडाभडा सगळं सांगून टाकलं, सगुणाताईसकट. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

भास्करने पुठ्ठा हातात घेतला. बराच वेळ तो फुलांकडे बघत राहिला.

"अगो, बर्फ बघितलाय कुणी आपल्याकडे?" तो म्हणाला. "आपला बर्फ मासळीच्या पेटीतला. देवाखालची तुझी आसनं आठ पाकळ्यांची, रांगोळीतलं कमळ आठ पाकळ्यांचं. हात सवयीने गेला. जे तुला माहीतच नव्हतं, ते तू विसरशील कशी?"

हे लीलाला एकदम पटलं. किती सोपं होतं, आणि आपण मेलं काय काय मनात आणलं. ती हसली, डोळे पुसले आणि त्याला वाढलं. जेवताना त्याने पुन्हा सोमवारच्या कोल्हापूरचा विषय काढला. अंबाबाईचं दर्शन घेऊन येऊ, गाडी सांगितली आहे. परवाही तो हेच म्हणाला होता, तेव्हा लीलाला नवल वाटलं होतं, कारण मोहर सोडून हा माणूस कधी सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा दोन दिवस राहिलेला नाही. आज तिला नवल वाटलं नाही, बरं वाटलं. म्हातारपणी का होईना, सुचलं.

दुपारी ती नवं फूल करायला बसली. निदान एक तरी खऱ्या बर्फासारखं जाऊ दे. मधलं कडं, त्याला सहा बारीक वेढे, आणि एकेका वेढ्याला धरून एकेक टोक. पहिल्या दोन टोकांना बोटं भरभर चालली. तिसऱ्याला मात्र शटल खाली पडलं, आणि उचलेपर्यंत मोजणी गेली. तिने गाठी नखाने मोजल्या, परत मोजल्या, ओठ हलवत मोजल्या. माहीत नव्हतं, ती स्वतःला सांगत राहिली, मला माहीतच नव्हतं. उन्हं कलली तेव्हा सहावं टोक अर्धं झालं होतं आणि फोन वाजला.

उर्वीचा व्हिडिओ कॉल. भास्करही येऊन बाजूला बसला. उर्वीच्या खोलीत दिव्यांची माळ लावलेलं छोटं झाड उभं होतं. सलिलदादा निघाला का, फुलं झाली का, तिने विचारलं. लीलाने हातातलं दाखवलं आणि सलिलने केलेली फजिती सांगायला तोंड उघडलं.

"थांब आई, आधी हे बघ," म्हणत उर्वीने फोन झाडाजवळ नेला. "तुझी गेल्या वर्षीची. अजून कशी ताठ आहेत."

फांद्यांवर पांढरी फुलं लटकत होती. मधलं कडं, बारीक वेढे, टोकांना लीलाच्या खास तीन पिकोंचा, दोऱ्याच्या मोकळ्या फासांचा, तुरा. दुसऱ्या कुणाचा हात नव्हताच तो. लीलाने मोजलं. सहा. दुसऱ्या फुलाचीही सहा.

गेल्या वर्षी आपण रुमाल पाठवले होते, असं तिला आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं.

"इथल्या शेजारणीला तर मी तुझंच वाक्य ऐकवते," उर्वी कौतुकाने बोलत होती. "बर्फाला सहाच टोकं, आठ कधी नाहीत. मला कुठे माहीत होतं, तूच नव्हतंस का सांगितलं?"

"हो तर," लीला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. मग तिने थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आणि फोन ठेवला.

तिने भास्करकडे पाहिलं. फोन चालू असतानाही तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडेच बघत होता. गेल्या वर्षी फुलं डब्यात कापूस घालून कुणी भरली होती, हे आता तिला विचारावंसं वाटलं नाही. अशी कामं या घरात तोच करतो.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

लीलाला राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही. त्याने दुपारी पुठ्ठा हातात घेऊन किती वेळ लावला होता, ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिला भीती वाटत होती, आजवर वाटली नव्हती एवढी, आणि त्या भीतीत ती एकटी नव्हती, एवढंच नवीन होतं. तिने शटल उचललं. राहिलेल्या गाठी ती मोठ्याने मोजू लागली, आणि मध्येच अडखळली तेव्हा पुढचा आकडा भास्करने म्हटला.

शेवटची गाठ झाली. तिने दोरा ओढला आणि कडं बंद केलं.

"सोमवारी कोल्हापूरला डॉक्टरची वेळ घेतलीय ना?" तिने विचारलं.

"घेतलीय," भास्कर म्हणाला. "दर्शनही घेऊ."