जानकीची वाव

माहुलला मी दर रविवारी लहान मुलांना शिकवायला जात असे. त्या दिवशी मुलं घरी गेली आणि मंजुळा पडवीत आली. कडेवर सहा वर्षांची जानकी, हातात दोरी. मागोमाग तिची सासू कृष्णाबाई.

"मास्तर, वाट लागली. पोरगी वाढलीच नाय. उलटी बोटभर आखडली!"

पोलिओनं जानकीचे पाय गुडघ्यांत वाकलेले होते. तिला उभं राहता येत नसे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हिचे दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजा, जवळपास तेवढीच उंची समजायची. वर्षात वाढ दिसली नाही, तर इस्पितळात ठेवून तपासावं लागेल.

"म्हणजे वावच की!" कृष्णाबाई तेव्हा म्हणाली होती. तिनं जन्मभर जाळ्याची दोरी अशीच हात पसरून मोजलेली. मी टेप लावून आकडा वहीत लिहिला, तिनं तेवढ्याच अंतरावर नायलॉनच्या दोरीला दोन गाठी मारल्या.

आता डॉक्टरांकडे उद्याच जायचं होतं. मंजुळानं सकाळी दोरी लावली, तर जानकीची बोटं गाठीपर्यंत पोचेनात.

"जानकी, भिंतीला टेकून बस. आता विमान हो बघू."

तिनं हात पसरले. मी कोपरं सरळ केली, टेप लावला. एकशे सात सेंटिमीटर. वही उघडली. गेल्या वर्षी एकशे एक.

"अगं, सहा वाढली!"

मंजुळाचा विश्वास बसेना. "मग दोरी काय खोटं बोलते?"

मी दोरीच मोजली. गाठीपासून गाठीपर्यंत एकशे आठ. माझंही डोकं चालेना. गाठ कुणी सोडलेली दिसत नव्हती.

जानकी हात पसरूनच बसली होती. "आजीनं त्या दोरीवर बोंबील टांगलेले," ती म्हणाली.

कृष्णाबाईनं पदर तोंडाला लावला. "दोनच वेळा गं! वलांडीवरची, मासळी सुकवायची दोरी तुटली होती ना."

"ओले बोंबील?" मी विचारलं.

"मग काय, सुके टांगू सुकवायला?"

ओल्या मासळीच्या भारानं दोरी ताणून सात सेंटिमीटर लांबली होती.  मंजुळा आधी रडली, मग सासूवर डाफरली, "माझी सकाळपासून चूल नाय पेटली, आणि तुमचे बोंबील!"

"पोर वाढली ना? मग ओरड किती ओरडायचं ते," कृष्णाबाई म्हणाली आणि जुनी दोरी गुंडाळून कमरेला खोचली.

मी वहीत आजची तारीख घालून एकशे सात लिहिलं, तो कागद डॉक्टरांसाठी मंजुळाला दिला. तिनं तो घडी करून ठेवला, पुन्हा उघडला.

"मास्तर, अजून एकदा मोजा ना."

"आई, हात दुखतात," जानकी म्हणाली. पण तिनं विमान केलं.

एकशे सातच भरले.