फोटोत शोभत नाहीत म्हणे

कपाटाचं दार लागत नाही आणि तरी घालायला काही नाही, ही तक्रार आपल्यापैकी कुणाच्या घरात ऐकू येत नाही? अशाच एका घरात चिमणीची आई शाळेच्या पालक समितीच्या बैठकीहून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "झालं एकदाचं. यंदा स्नेहसंमेलनाचं निवेदन संगीताच्या बाई करणार. भाषेच्या बाईंना सुट्टी."

भाजी निवडत बसलेले तिचे सासरे थांबले. "का बरं? त्या तर छान बोलतात. चिमणीची कविताही त्यांनीच बसवलीय."

"बोलतात हो, बाबा. पण तो निळा कोट! दरवर्षी तोच. सगळे फोटो सारखेच येतात. मीच सुचवलं, सगळ्यांना पटलं."

बाईंचे कपडे मोजकेच होते, हे खरं. उन्हाळ्यात फिकट सुती शर्ट, थंडीत त्याच शर्टांवर लोकरी जाकीट, पावसात लवकर वाळणारी गडद पँट, आणि समारंभाला तो कोट. रंग असे निवडलेले, की कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर खुलावा. सगळं स्वच्छ, इस्त्री केलेलं. तरी मुलांनी त्यांचं नाव 'रिपीटबाई' ठेवलं होतं. मुलांना ते कुठून सुचलं, हे का सांगायला हवं? जेवताना मोठी माणसं जे बोलतात, तेच मुलं शाळेत नेतात.

आतून चिमणी आली. "आई, मग मीपण कविता म्हणणार नाही."

"का गं?"

"माझा फ्रॉक गेल्या वर्षीचा आहे. मलापण काढतील."

"वेडी कुठली. नवा घेऊ की."

"पुढच्या वर्षी तोपण जुनाच होईल ना? नकोच मला." एवढं बोलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सासऱ्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "सूनबाई, मी जन्मभर टपाल वाटलं, एकाच खाकी रंगात. लोक माझ्या थैलीकडे बघायचे, सदऱ्याकडे नाही. बाईंनी चुकीचं शिकवलं असतं, मुलांवर हात उगारला असता, तर त्यांना काढणं मी समजू शकलो असतो. तुम्ही कोटावरून काढलंत! लाज कशी वाटली नाही?"

"बाबा, लोक बोलतातच. ऑफिसात मी एक ड्रेस आठवड्यात परत घातला, की लगेच विचारतात, 'काय गं, घरी दुसरं काही नाही का?' किती लागतं मनाला!"

"मग राग विचारणाऱ्यांचा यायला हवा. तू तो बाईंवर काढलास. आणि आता तुझी लेक स्वतःवर काढतेय."

आतून चिमणीच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी आई समितीच्या अध्यक्षांसमोर उभी राहिली. "कालचा निर्णय चुकला. सुचवलं मी होतं, म्हणून मागेही मीच घेते."

"अहो, पण फोटो..." अध्यक्ष पुटपुटले.

"फोटोत मुलं बघा. कोट बघायचा असेल तर दुकानात जा."

मग ती बाईंना भेटली आणि सगळं सांगून मोकळी झाली. "वाईट वाटलं होतं मला," बाई म्हणाल्या. "कोट नकोच असेल तर तसं सांगा. पण थंडीत कुडकुडत बोलले, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल."

दोघीही हसल्या. घरी येऊन आईने चिमणीला जवळ घेतलं. "मी बाईंशी वाईट वागले, राणी. त्यांची माफी मागून आले. त्याच बोलणार आहेत, त्यांच्या कोटात."

चिमणीने डोळे पुसले. "मग मी म्हणते कविता," ती म्हणाली. "फ्रॉकची खालची दुमड मात्र उसवून दे, मी उंच झालेय."

मित्रहो, ऋतूला पुरतील आणि एकमेकांवर चालतील असे थोडे कपडे नीट निवडून वापरणं, हा शहाणपणा आहे. त्याला नावं ठेवणं हा निर्लज्जपणा आहे, मग तो कितीही नव्या कपड्यांत फिरो. आणि तो आपण रोज करतो, मुलांच्या देखत.