दोन पाहुण्यांची सौना

उजेड आधी सरोवरावर आला. तिथे त्याला करण्यासारखे फारसे काही नव्हते. पाणी राखाडी होते, किनाऱ्याला लागलेले बर्फाचे शेवटचे तुकडेही राखाडी होते, म्हणून तो बराच वेळ नुसताच पसरून राहिला. मग बर्चच्या एकेका पांढऱ्या खोडाला हात लावत तो चढ चढून वर आला. अंगणाच्या उत्तरेला, हिवाळ्यात छपरावरून लोटलेला बर्फ जिथे साठतो, तिथे मे महिना लागला तरी एक मळका ढीग उरला होता. उजेडाने त्यालाही वगळले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन तो जरा घुटमळला, जणू आत कोणी जागे आहे की नाही हे पाहत होता, आणि मग आत उतरला. आधी नळाच्या वाकड्या मानेवर, मग पालथ्या घातलेल्या पातेल्यावर, मग टेबलावरच्या मेणकापडाच्या निळ्या चौकड्यांवर. एकेक चौकडी सावकाश भरत तो रायमोच्या हातांपर्यंत पोचला. टेबलाच्या टोकाला असलेल्या खुर्चीवर उजेड सर्वांत शेवटी गेला, आणि तिथे कोणीच बसलेले नसल्यामुळे तसाच पुढे जाऊन भिंतीला टेकला.

रायमो हे सगळे पाहत बसला होता. त्याचे शरीर अजून महासागरापलीकडच्या लिस्बनच्या घड्याळावर चालत होते, तिथे दिवस कधीच वर आला होता, म्हणून तो पहाटेच उठला होता. उजेडाकडे पाहत बसण्यात एक सोय होती. उजेड माणसाला काही विचारत नाही.

आई मात्र आल्या आल्या विचारू लागली.

"उठलास? मग कॉफी का नाही टाकलीस?"

"डबा कुठे असतो ते आठवेना."

"तू जन्मलास तेव्हा जिथे होता, तिथेच आहे." तिने हात वर करून फळीवरचा डबा काढला. "आणि विचारल्याशिवाय दूधसुद्धा घेतलं नसशील. हो ना?"

तिचे खरे होते. काल रात्रीपासून रायमो त्या घरात अत्यंत सभ्यपणे वावरत होता. दारात बूट नीट जोडीने ठेवत होता, वाढलेले सगळे संपवत होता, हात पुसायला कुठला टॉवेल घ्यावा हे विचारत होता. पाहुणा असण्याची ही कला तो परदेशात चांगली शिकला होता, आणि ती कला एवढी उपयोगी पडेल असे त्याला पूर्वी कधी वाटले नव्हते.

मागच्या दाराने लेम्पीआत्या आली. ती वडिलांची थोरली बहीण. रस्त्यापलीकडे राहायची आणि या घरात शिरताना आजवर तिने कधी दार वाजवले नव्हते.

"काय लिस्बनकर, झोप झाली का?" तिने आतल्या खोलीत डोकावून पाहिले. "अगं सिल्विया, पांघरुणाची घडी घालून ठेवलीय बघ पोराने! उशीसुद्धा सरळ केलीय. आता निघताना बिल मागेल हा."

"वन्सं, छळू नका त्याला. दमून आलाय."

"दमलाय कशाने? विमानात बसूनच तर आला. वल्हवत थोडाच आलाय?"

ती खाली बसली, कॉफी बशीत ओतली, साखरेचा खडा पुढच्या दातांत धरला आणि त्यातून कॉफी ओढत भाच्याला न्याहाळू लागली. आईने वेलदोड्याचा गोड पाव कापला आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे ठेवला. मग, पावाचे दुसरे तुकडे कापता कापता, जणू मीठ मागावे इतक्या सहज म्हणाली,

"संध्याकाळी सौना तापवणार आहे. ओनीभाऊजी येतील नेहमीसारखे. पाणी तू टाकायचंस."

रायमोने घास गिळला. घरामागच्या त्या लाकडी न्हाणीत तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची असते. "मला ती उष्णता आता सोसत नाही गं. डॉक्टर म्हणाले होते..."

"कुठले डॉक्टर?"

"तिकडचे."

"तिकडच्या डॉक्टराला सौनेतलं काय कळतंय?" आत्या म्हणाली. "त्याच्या गावात पाणी तरी गोठतं का?"

"ओनीकाका टाकतील की पाणी."

यावर दोन्ही बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. लहान मुलाने जेवणाच्या ताटात पाय द्यावा तसे त्याने काहीतरी केले होते.

"दुसऱ्याच्या सौनेत?" आई म्हणाली. "विसरलास सगळं. पाणी घरच्या माणसानं टाकायचं. पाहुण्यानं ओगराळ्याला हात लावायचा नाही. हिवाळाभर ते बिचारे दर शनिवारी येताहेत, तुझ्या बाबांच्या वेळेला यायचे तसेच. आत बसतात आणि कोरडेच बाहेर येतात. मी बाहेरून ओरडते, अहो टाका ना पाणी! तर आतून म्हणतात, माझं घर नाही."

"भाजलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागलाय," आत्या म्हणाली. "परवा चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसला होता, मला मीठ घेऊन यावंसं वाटलं."

रायमो हसला आणि 'बघू' म्हणाला. बघू म्हणणे ही पाहुण्याची पळवाट. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, आणि ज्या घरात पाहुणा आहे त्या घरात कुठेतरी, कदाचित मागच्या छपरीत लाकडे फोडत, यजमानही असतोच.

वडील वाइनो जानेवारीत गेले. त्या आठवड्यात वादळ होते, विमाने बंद होती, आणि जमीन तर इतकी गोठलेली की कुदळीच्या ठिणग्या उडाव्यात. आईनेच फोनवर सांगितले होते, धडपडत येऊ नकोस. हिवाळ्यात गेलेल्यांना इथे दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ वितळला की माती देतात. बाबांनाही तसेच ठेवू, तू मेमध्ये ये, तेव्हा सगळे करू. रायमोने हे ऐकले आणि अतिशय आज्ञाधारकपणे मे महिन्याची वाट पाहू लागला. त्याने जणू ती बातमीच त्या कोठीत ठेवून दिली. ज्या शाळेत तो गणित शिकवत असे तिथे कोणी घरची चौकशी केली, तर 'वडिलांना जरा बरं नाही' असे तो सांगे. असे सांगताना त्याला आपण खोटे बोलतो आहोत असे वाटत नसे. फार तर बातमीला थोडा उशीर होतो आहे, इतकेच.

दफन त्याच सकाळी होते. दफनभूमीत पाइनच्या सावलीत बर्फाचे पट्टे अजून होते, पण खणलेली माती मऊ, काळी आणि ओली होती. पाद्रीबाबा तरुण होते आणि त्यांना सर्दी झाली होती. शवपेटी दोरांवर तोलून धरलेली असताना त्यांचे चष्म्याचे घर सापडेना, त्यामुळे सगळेच थोडा वेळ थांबले. त्या शांततेत लेम्पीआत्या तिच्या मते हळू आवाजात म्हणाली,

"वाइनो जन्मात कधी कुठे वेळेवर पोचला नाही. लग्नाला उशिरा आला. आता स्वतःच्या मातीलासुद्धा एक अख्खा हिवाळा उशीर!"

आधी ओनीकाकांच्या खांद्यांना हिसका बसला, मग आई रुमालात तोंड लपवून हसली, मग सगळीच माणसे हसली. पाद्रीबाबासुद्धा शिंकल्यासारखे करून हसले. रायमोही हसला. हसू ओसरल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण खड्ड्याकडे पाहतच नाही आहोत. आपण फाटकाकडे, रस्त्याच्या वळणाकडे पाहतो आहोत, जिथून उशीर झालेला माणूस आपली जुनी गाडी खडखडवत येतो, खिडकीतून हात बाहेर काढतो आणि कोणी रागवायच्या आत स्वतःच काहीतरी बोलून मोकळा होतो.

त्याने नजर खाली वळवली. पेटी खाली गेली. ती पेटी चांगली होती. वडिलांशी तिचा काही संबंध आहे असे मात्र त्याला वाटले नाही.

चर्चच्या तळघरात जेवण झाले. गावातल्या बायकांनी त्याच्या ताटलीत मांसाची मोठी करंजी ठेवली आणि प्रत्येकीने तेच विचारले, किती दिवस आहेस? आठवडाभर, तो म्हणाला. हे उत्तर त्याला आवडत होते. पाहुण्याला शोभेल इतके ते नेमके होते.

त्या भागात मे महिन्यातली संध्याकाळ संपायला तयार नसते. जेवणे उरकली तरी सरोवरावर भरपूर उजेड होता. घरामागच्या लाकडी सौनेच्या धुराड्यातून सरळ धूर जात होता. ओनीकाका दोन बाटल्या बिअर घेऊन आले आणि त्या बर्फाच्या मळक्या ढिगात खुपसून त्यांनी बाहेरच्या खोलीत कपडे उतरवले. वडिलांबरोबर ते पोरवयापासून दर शनिवारी इथे बसत आले होते. त्यांच्या अंगावर मांस असे उरले नव्हते. कमरेचा पंचा दोनदा गुंडाळावा लागत होता.

रायमोला टाळता आले नाही. पुरुषांनी आधी जायचे असते, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

आत दोन फळ्या होत्या. वरची रुंद, चुलीजवळची, घरच्यांची. तिच्या टोकाशी पाण्याची बादली आणि लाकडी ओगराळे. खालची अरुंद, दाराजवळची, पाहुण्यांची. ओनीकाका खालच्या फळीवर बसले. रायमोही शांतपणे त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. चुलीवरचे दगड तापून बारीक टकटक करत होते. हवा इतकी कोरडी होती की नाकपुड्या चुरचुरल्या.

"चांगली तापलीय," ओनीकाका म्हणाले.

"हो."

"मॅपलचं लाकूड घातलंय."

"हो, असेल."

घाम येण्याआधीच वाळून जात होता.

"वर नाही बसत?"

"इथं बरं आहे. तुम्ही बसा ना वर, ओनीकाका."

"मी? मी पाहुणा माणूस."

"मीही पाहुणाच की. आठवड्यानं जाणार."

ओनीकाकांनी यावर विचार केला. घाईने विचार करण्याची त्यांना सवय नव्हती. कपाळ चोळून झाल्यावर त्यांनी विचारले,

"असं का? मग आपण दोघं कुणाकडे आलोय रे?"

रायमोने नजर बादलीकडे वळवली.

"नाही, माहीत असलेलं बरं असतं," ओनीकाका म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. फक्त डोळ्यांच्या कडा नव्हत्या. "येतोय म्हणतोस का यजमान? मग थांबू. मला घाई नाही. हिवाळाभर थांबलोच आहे. कातडं बघ माझं, बूट शिवता येतील याचे. तुलाच होतील. तुझे ते परदेशी जोडे इथल्या चिखलात टिकायचे नाहीत."

"तुम्ही टाकायला हवं होतं पाणी. कुणी काही म्हटलं नसतं."

"म्हटलं नसतं, खरंय." ते दगडांकडे पाहत राहिले. "पहिल्या शनिवारी मी आत येऊन बसलो. म्हटलं, वाइनो लाकडं आणायला गेला असेल. वेडेपणाच. माहीत होतं मला, मीच तर त्याला त्या दिवशी हॉस्पिटलात नेलं होतं. तरी बाहेर जरा कुठे फळी वाजली की दाराकडे बघायचो. दुसऱ्या शनिवारी तेच. मग कधीतरी बघायचं थांबलो. पण ओगराळ्याला हात नाही लावला. ते मी उचललं असतं, तर त्याच्या मुलानं काय उचलायचं?"

रायमोने वरच्या फळीकडे पाहिले.

"आणि खरं सांगू का," ओनीकाका पुढे म्हणाले, "आता मला फार गरम होतंय. म्हातारा माणूस आहे मी. आज सकाळी एकाला माती दिलीय, त्याच खेपेत दुसराही उरकायचा विचार असेल तुझा, तर तसं सांग. खणणारे अजून घरी गेले नसतील."

रायमोच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा आहे असे सुरुवातीला दोघांनाही वाटले. ओनीकाकांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते सभ्य माणूस होते. त्यांनी आपला गुडघा तेवढा बाजूला घेतला, वर जायला वाट करून दिली.

रायमो उठला. वरच्या फळीवर चढताना त्याचा पाय आपोआप योग्य जागी पडला. तिथे उष्णता वेगळीच होती, कानांच्या पाळ्या जळत होत्या. फळी मधोमध किंचित खोलगट झाली होती. त्या खोलगटात न बसता तो थोडा बाजूला टेकला. ओगराळे हातात घेतले, अर्धे भरले आणि दगडांच्या कडेवर हळूच शिंपडले. दगड नावापुरते फुसफुसले.

"हे काय? कुंडीला पाणी घालतोयस?" खालून आवाज आला.

त्याने ओगराळे काठोकाठ भरले. या वेळी दगडांनी मोठा सुस्कारा टाकला. वाफ आधी छताला गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि मग दोघांच्या पाठींवर, खांद्यांवर, मानेवर एकदम उतरली. दोघांनी माना खाली घातल्या. ओनीकाका समाधानाने लांबलचक कण्हले. इतक्या शनिवारांचा साठवलेला घाम त्यांच्या कपाळावरून एकदम ओघळू लागला.

"हां," ते म्हणाले. "अजून."

बाहेर पावले वाजली आणि थांबली. आई असणार. तिला तो आवाज ऐकू गेला होता.

"कोण टाकतंय पाणी?" तिने दाराबाहेरून विचारले.

ओनीकाकांनी डोळे मिटून घेतले. ते उत्तर द्यायचा अधिकार त्यांना नव्हता.

"मी," रायमो म्हणाला. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगितले, "मी आहे, आई."

मग ती म्हणाली, "बरं. आमच्यासाठी थोडं ठेवा पाणी," आणि पावले घराकडे गेली.

रायमो सरकून फळीच्या खोलगट भागात बसला आणि त्याने ओगराळे पुन्हा बादलीत बुडवले. आता पाणी टाकायला दुसरे कोणी येणार नव्हते. वडील वारले होते, आज नव्हे, हिवाळ्यातच.