कललेल्या थरांचं स्वयंपाकघर

थायलंडमधल्या बांगप्लीच्या बाजारात लमदुआनच्या खनोम चानला गिऱ्हाइकांची कधी वाण नव्हती. नारळाचं दूध घातलेलं पीठ थरावर थर ओतून ती वड्या वाफवायची आणि प्रत्येक थर कसा आखल्यासारखा यायचा. म्हणूनच एका सकाळी शेजारच्या मासेवालीने टोमणा मारला, "काय गं, आज झोपेत ओतलंस वाटतं? एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ!"

 घरी येऊन लमदुआनने शेगडी फिरवून पाहिली, भांडं बदलून पाहिलं. थर पुन्हा घरामागच्या कालव्याच्याच बाजूला जाड आले. मग तिने ओट्यावर लिंबू ठेवलं. ते आपलं आपण घरंगळत गेलं.

"अहो, आपलं स्वयंपाकघर कालव्याकडे कलतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

बुनलू हसला. "अगं, लिंबं गोल असतात. घरंगळायचीच."

"आणि मागचं दार? ते का अडकतं?"

"पावसाने लाकूड फुगलंय."

दार फुगलेलं नव्हतं. वरच्या कोपऱ्यात चिकटत होतं आणि खालच्या बाजूने बोट जाईल एवढी फट पडली होती. चौकटीच्या कोपऱ्यातून एक तडा तिरपा वर चढला होता. बुनलूने त्यात पुट्टी भरून रंग फासला. महिना झाला नाही तोच तडा पुन्हा उघडला. लमदुआनच्या माहेरी विहाराच्या जुन्या भिंतीवर भिक्खू तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवत. काच फुटली, की भिंत अजून हलतेय. तिनेही तसंच केलं. काच फुटली.

आता बुनलूचा चेहरा उतरला. त्याने धाकट्या भावाला बोलावलं. घरामागे हे स्वयंपाकघर बांधलं होतं ते सांगवाननेच. तो लोखंडी सळ्या घेऊनच आला.

"वहिनी, काळजी नको. घराच्या खांबाला आणखी घट्ट बांधून टाकतो."

"नाही भाऊजी. बांधायचं नाही, सोडवायचं."

"म्हणजे?"

"घराचे खांब खोल, कडक मातीपर्यंत गेलेत. ह्याचे?"

सांगवानने डोकं खाजवलं. "खांब ठोकायचं यंत्र गल्लीत शिरत नव्हतं. आखूड ठोकले."

"मग हे मऊ मातीत खचतंय आणि घराची भिंत ओढतंय. बुडणाऱ्याला कमरेशी बांधून घेतलंत, तर दोघंही तळाला."

"बायको कधी वास्तुविद्या शिकली?" बुनलू पुटपुटला.

"फरशी उचला, मग बोला."

सांगवानने भिंतीकडची एक फरशी उचकटली. खाली माती नव्हतीच; ती खचून पोकळी पडली होती. त्याने हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. हात बाहेर काढत तो म्हणाला, "दादा, वहिनीचं खरं आहे. माझंच चुकलं. तेव्हाच वेगळं ठेवायला हवं होतं."

"चुकलं ते चुकलं. आता नीट करा," लमदुआन म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे भात वाढला.

सांगवानने आधी छपराखाली स्वतंत्र खांब उभे केले आणि मगच घराला जोडणाऱ्या सळ्या कापायला घेतल्या. शेवटची सळी तुटली, तेव्हा कडकन आवाज झाला आणि स्वयंपाकघर बोटभर खाली बसलं. बुनलूने लमदुआनचा दंड धरला. घराची भिंत जागची हलली नाही. जमिनीखालच्या पोकळीत वाळू भरली, ओटा पाणसळीने सरळ केला आणि घर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या फटीवर रबराची पट्टी लावली. स्वयंपाकघर पुढेही थोडं खचणार होतं, पण एकटंच. तड्यावर लावलेली नवी काच पुरा पावसाळा शाबूत राहिली.

आता गल्लीत कुणी घरामागे काही वाढवायचं म्हटलं, की सांगवान आधी सांगतो, "घराला चिकटवून बांधणार नाही. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा." दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. ते ऐकून लमदुआन म्हणाली, "जाऊ देत. भिंती तडकल्या, की परत येतील."